वस्तीवरचं डोंगल

आमच्या भावकीत सगळे त्याला 'मशीन' म्हणायचे. नवऱ्यानं टाकून दिलेला लॅपटॉप, जुना एक कॅमेरा आणि मोबाइलच्या सिमवर इंटरनेट देणारं एक डोंगल, एवढंच ते होतं. त्याला काम एकच होतं. आईच्या वस्तीमागच्या उसातून बिबट्या बाहेर आला, तर त्याचा फोटो घोडेगावला माझ्या मोबाइलवर पाठवायचा. मग मी आईला फोन करून सांगणार, आत जा, दार लाव.

आई पिंपळवंडीच्या शिवारात राहायची. गाव लांब, वस्ती मळ्यात. घर, घराला लागून गोठा, गोठ्यामागं गायीसाठी लावलेल्या हिरव्या घासाचा तुकडा, आणि घासाच्या बांधापासून ऊस सुरू. माझा धाकटा भाऊ तिच्याजवळ असायचा. त्याचं लग्न झालेलं नाही. शेती करणाऱ्याला हल्ली मुलगी कोण देतो? मुलीचे बाप आधी नोकरी विचारतात, बाकीचं नंतर. संध्याकाळी भाऊ दुधाच्या किटल्या गाडीला अडकवून डेअरीत जायचा, आणि तेवढा वेळ आई वस्तीवर एकटी. दिवेलागणीची वेळ. बिबट्याचीही अंग झाडून उठायची वेळ तीच. मला धास्ती होती ती त्या वेळेची. बाकी दिवसभर तिची ती खंबीर होती.

माझ्याकडे येऊन राहा, असं मी तिला म्हणून थकले.

"लेकीच्या दारात किती दिस बसू?" ती म्हणायची. "पावणी म्हून यीन, च्या पिऊन जाईन."

आमच्याकडे अजून हे आहे. आई मुलीकडे राहायला गेली म्हणजे मुलानं टाकली, असंच लोक धरतात. मी चिडायचे. एवढी शिकलेली माणसं भोवती, आणि कायदा अजून आजीच्या काळातला. पण तिच्यावर चिडून काही उपयोग नव्हता. वर ती विचारायची, "आन् गाय कुठं बांधू? तुज्या गॅलरीत?"

तिचं माहेर आणे पठारावरचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपणापासून लांडगे पाहिलेली बाई. बिबट्याची तिला भीती नव्हती, राग होता. "लांडगं कसं समोरून येतंय," ती म्हणायची, "ह्यो मेला लपून बसतोय." जणू तिची तक्रार त्याच्या वागणुकीबद्दल होती. तिचा बंदोबस्तही तिनं स्वतः शोधलेला. संध्याकाळी घराबाहेर पडायचं ते स्टीलचं ताट पळीनं बडवत, गायीशी मोठमोठ्यानं बोलत आणि मध्ये मध्ये बिबट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. शेजारचे म्हणायचे, म्हातारीची आरती सुरू झाली. आमच्या भागात सगळेच असं काहीतरी करतात. कुणी मोबाइलवर गाणी लावतो, कुणी नुसताच खाकरत चालतो. आवाजाच्या माणसावर तो सहसा येत नाही. वाकलेल्या, गप्प माणसावर येतो.

मग एकदा त्यानं अंगणातला कुत्रा नेला. साखळी तशीच राहिली. त्या दिवसापासून मला झोप लागेना, आणि मी हे मशीनचं मनावर घेतलं.

मी घोडेगावात एका कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये मदतनीस आहे. आमच्या लॅबमध्ये सगळीकडे विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते फुकट असतं आणि म्हाताऱ्या मशीनवरही निमूट चालतं. नवऱ्याच्या लॅपटॉपवर विंडोज धापा टाकायचं. ते पुसून मी लिनक्स घातलं तर तो तरतरीत झाला. कॅमेऱ्यापुढं काही हललं की फोटो काढणारा प्रोग्रामही त्यात मिळाला. इथपर्यंत सगळं सोपं होतं. घोडं अडलं ते डोंगलपाशी.

घरात एक जुनं डोंगल होतं, पण ते थ्री-जीचं, आणि ते जाळं कंपन्यांनी केव्हाच गुंडाळलेलं. मंचरच्या एका दुकानातून फोर-जीचं आणलं. अंगठ्याएवढी पांढरी पट्टी, एका टोकाला यूएसबीची पिन आणि पोटात सिम. दुकानदार म्हणाला, "ताई, लावलं की चालू." विंडोजवाल्यांसाठी ते खरंही होतं.

भाऊबीजेला मी सगळा संसार पिशवीत घालून वस्तीवर गेले. ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि मी डोंगल लॅपटॉपला लावलं. पडद्यावर सीडीचं चित्र आलं. इंटरनेटचं नाव नाही. काढून पुन्हा लावलं, पुन्हा सीडी.

आई शेजारी लसूण सोलत बसली होती. "काय म्हणतंय?"

"म्हणतंय, मी शिडी हाय. गाण्यांची असते ना, तसली."

"मग आसंल की. तू कशापायी भांडती त्येच्याशी?"

भाऊ हसून हसून लोळला. मला त्या वेळी हसू आलं नाही. माझ्या मोबाइलवर वस्तीवर इंटरनेट येत नाही, त्यामुळे चूक कुठं आहे ते शोधायचीही सोय नव्हती. इंटरनेट का चालत नाही हे विचारायला इंटरनेट लागतं, हा तर न्यायच उफराटा. सगळं परत पिशवीत घातलं आणि घोडेगावला आले.

तिथं कळलं की असल्या डोंगलला दोन रूपं असतात. लावल्याबरोबर ते सीडीचं सोंग घेतं, कारण त्याच्या पोटात विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. विंडोज ते उचलतं आणि डोंगलला निरोप देतं की आता सोंग पुरे, मोडेम हो. मग ते मोडेम होतं. लिनक्सला हा निरोप द्यायला एक छोटा प्रोग्राम लागतो, आणि माझ्या डोंगलची जात त्या प्रोग्रामच्या ओळखीची नव्हती. मी शोधत राहिले. शेवटी कुणा परदेशातल्या माणसानं कुठल्याशा चर्चेत टाकलेली अंकांची एक लांबलचक ओळ सापडली. ती डोंगलला पाठवली. सीडीचं चित्र गेलं आणि वर कोपऱ्यात मोबाइल नेटवर्कचं चिन्ह उगवलं. त्या माणसाला मी कधी पाहणार नाही, पण त्या दिवशी मनातल्या मनात त्याला ओवाळलं.

एवढ्यानं भागलं नाही. मोडेम झालं, तरी इंटरनेट येईना. कंपनीच्या दाराचं नाव, ज्याला एपीएन म्हणतात, ते हातानं भरावं लागलं. ते भरलं तर घोडेगावात चाललं आणि वस्तीवर नेल्यावर पुन्हा अडलं, कारण घरावर पत्रे आणि तिन्ही बाजूंनी माणूसभर उंच ऊस. फोनवर बोलण्यापुरती रेंज आत यायची, इंटरनेटपुरती शिरेचना. मग लांब वायर आणली, डोंगल दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलं आणि अंगणातल्या शेवग्याला बांधलं. तिथं मात्र ते लागलं. आईनं शेवग्याला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, अगं हे काय. ती म्हणाली, "आसू दे. काम करणाऱ्याला लावावं."

अंकांची ती ओळ दर वेळी कोण पाठवणार? ती लॅपटॉप सुरू होतानाच आपोआप जाईल असं मी बसवलं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळे वीज गेली की तो बंद पडायचा आणि आली की आपला आपण सुरू व्हायचा. आमच्याकडे वीज इतक्या वेळा जाते की तीच माझी राखणदार झाली होती. लॅपटॉप उठला की ओळ जाणार, डोंगल मोडेम होणार, फोटो सुरू. डोंगलवर एक हिरवा दिवा होता. नुसती रेंज असली की तो लुकलुकायचा, इंटरनेट जोडलं गेलं की स्थिर व्हायचा. हे मी भावाला झाडाखाली उभं करून दाखवलं. तेव्हा तो डेअरीला निघायच्या गडबडीत होता, किटल्या बांधत होता. "कळलं, कळलं," म्हणाला.

माझ्या मोबाइलवर पहिला फोटो आला तो आईचाच. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पळी, तोंड वासलेलं, बिबट्याला शिव्या देताना. तो मी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवला. पुढं मांजराचे आले, वाऱ्यानं हललेल्या उसाचे आले, भावाच्या गाडीचे आले. भोंगा का नाही लावला असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. भोंगा लावला असता तर तो मांजरालाही वाजला असता आणि चार दिवसांत कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नसतं. म्हणून मधे मी. संध्याकाळी भाकरी थापताना मोबाइल ओट्यावर उभा करून ठेवायचे. फोटो आला की बघायचं, मांजर आहे, सोडून द्यायचं.

आणि एका संध्याकाळी खरंच तो आला. बांधावर बसलेला, डोळे दिव्यासारखे. पिठाच्या हातानंच मी फोन लावला. "आई, आत जा. बांधावर बसलाय." तिनं एक शब्द न बोलता घास तिथंच टाकला, आत गेली, दार लावलं आणि आतून मला विचारलं, "अजून हाय का गेला?" मी फोटो बघत होते आणि सांगत होते. हाय. हाय. उठला. गेला. घोडेगावच्या स्वयंपाकघरातून मी पिंपळवंडीच्या बांधावर राखण करत होते. त्या दिवशी माझी छाती फुगली, ते कशाला नाकारू.

गावात गवगवा झाला. आणि आईनं ताट वाजवणं सोडून दिलं.

"आता तुजा फोन येतोय की," ती म्हणाली. "उगा कशापायी घसा कोरडा करू?"

आता भावाचं सांगते. नदीकाठी आमची पाण्याची मोटार आहे, आणि तिथं जायची वाट उसातून. म्हणून मोटारीच्या पेटीत मोबाइल स्टार्टर बसवलेला. त्यात सिम असतं. घरबसल्या त्या नंबरला फोन लावायचा, मोटार सुरू होते. पुन्हा लावायचा, बंद होते. आमच्याकडे बहुतेकांच्या मोटारी अशाच चालतात. त्या सिमचा रिचार्ज करायचा राहिला आणि कंपनीनं ते बंद केलं. नेमकी त्याच आठवड्यात शेतीची वीज दिवसा होती आणि कांद्याची लागण नुकतीच झालेली. रोपं पाणी मागत होती. मोटार चालू करायला दिवसातून अनेकदा उसातून नदीवर जायचं, किंवा दुसरं चालू सिम शोधायचं.

चालू सिम शेवग्यावर बांधलेलं होतं.

भावानं हिशेब केला, आणि आमच्याकडच्या माणसाला तो हिशेब अगदी सरळ वाटेल. आम्ही पाणी पाळीनं घेतो, वीज पाळीनं घेतो, बांधावरची वाटही पाळीनं वापरतो. मग सिमची पाळी का नको? बिबट्या येतो संध्याकाळनंतर, वीज आहे दिवसा. दिवसा सिम मोटारीत, संध्याकाळी परत डोंगलमध्ये. त्यानं शेवग्यावर चढून डोंगल काढलं, सिम मोटारीला नेलं. संध्याकाळी सिम परत आणून घातलं, डोंगल वायरीला लावलं, झाडाखाली उभं राहून पाहिलं. दिवा लागला होता. तो दूध घेऊन डेअरीला गेला.

दिवा लागला होता, पण लुकलुकत होता. डोंगल काढून पुन्हा लावल्यामुळे ते परत सीडी झालं होतं, आणि त्याला निरोप देणारी ओळ फक्त लॅपटॉप सुरू होताना जात होती. लॅपटॉप तर बंद पडलाच नव्हता. त्या दोन दिवसांत घरची वीज एकदाही गेली नाही. जन्मभर विजेला आम्ही शिव्या घातल्या, आणि जेव्हा तिनं जायला हवं होतं तेव्हा ती मुक्कामाला राहिली.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की फोटो येत नाहीत. तसं ते अधूनमधून व्हायचं. टॉवर बंद पडला की दिवस दिवस रेंज नसायची. तरी मी भावाला फोन केला.

"मशीन चालू हाय का रे? फोटो न्हाई आला."

"चालू हाय ताई. दिवा लागलाय."

"बघून सांगतोस ना?"

"आत्ताच बघितला."

तो खोटं बोलला नाही. सिमचं मात्र बोलला नाही, कारण मी ओरडले असते. मी ओरडले असतेच. घरात सगळ्यांना माझ्या तोंडाची सवय आहे, आणि सवयीनं माणसं काही गोष्टी सांगायच्या टाळतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचाच फोन आला. "ताई, आईला धरलं." मागं कुणीतरी बाई रडत होती आणि गाय हंबरत होती.

आई घास कापायला वाकली होती. शेजारचा मळेकरी ट्रॅक्टर घेऊन बांधावरून येत होता. त्यानं उजेड टाकला, आरडाओरडा केला, म्हणून बिबट्यानं तिला उसाच्या तोंडाशी सोडलं. मानेला आणि खांद्याला धरलेलं होतं. मी नारायणगावच्या हॉस्पिटलला पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. चेहरा पांढरा पडलेला, मानेभोवती पट्ट्याच पट्ट्या. मला बघून म्हणाली, "पोरं कुणापाशी ठिवली?" मी म्हटलं, त्यांच्या बापापाशी. तिनं डोळे मिटले.

भाऊ खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. अंगावर तिचं रक्त. मी त्याला विचारलं, फोटो का आला नाही? त्यानं सिमचं सांगितलं. मग माझा तोल गेला. हॉस्पिटल आहे, शेजारी पेशंट आहेत, आई समोर पडली आहे, कशाचं भान राहिलं नाही. कांद्यापायी आई घातलीस, असं मी त्याला म्हणाले. कांद्यापायी. तो आधी ऐकून घेत होता, मग तोही उसळला. "मला जीव न्हाई का? मी रोज उसातनं जायाचं व्हय? आन् दिवा लागला व्हता. तूच म्हणली व्हती ना दिवा बघ म्हून? तुजंच मशीन दळभद्री." नर्स आली आणि आम्हाला बाहेर काढायची धमकी देऊन गेली. आम्ही गप्प झालो ते एकमेकांकडे न बघता. आई डोळे मिटून पडली होती. आम्हाला वाटलं, ग्लानीत आहे.

थोड्या वेळानं वनखात्याची माणसं आली. पंचनामा करायचा असतो, जबाब घ्यायचा असतो. त्यांच्यातला एक मोठा साहेब फार हळू आवाजात, नीट बोलत होता. आमच्या मशीनचं त्याच्या कानावर आलेलं होतं. त्यानं आईला विचारलं, "आजी, तुमच्या मुलीचा फोन येतो ना बिबट्या आला की? आज आला नाही?"

भावानं भिंतीकडं तोंड केलं.

आईनं डोळे उघडले. "आला व्हता की," ती म्हणाली. "वाजला व्हता फोन. मीच न्हाई उचलला."

"का नाही उचललात?"

"हात घासात व्हते. म्हणलं, एवढा कापून झाला की उचलते." मग दम घेऊन म्हणाली, "पोरांचा काय बी दोष न्हाई त्यात. पोरीनं सांगितलं व्हतं."

साहेबानं मान हलवली आणि पुढचं विचारलं. मी तिच्याकडे बघत होते. फोन मी केलाच नव्हता, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तिनं आमचं भांडण शब्दन् शब्द ऐकलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या तिनं दोघांची बाजू ऐकून निकाल दिला, आणि दोष स्वतःकडे ठेवून घेतला. ते गेल्यावर मी तिचा हात धरला. म्हटलं, "आई, असं कशाला बोललीस?" तिनं हात सोडवून घेतला आणि पाणी मागितलं.

नारायणगावहून तिला पुण्याला नेलं. जखमांत विष चढत गेलं आणि ती थोड्या दिवसांत गेली. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं. भाऊ आणि मी आळीपाळीनं जवळ बसायचो, एकमेकांना डबा द्यायचो, औषधाचं सांगायचो. बाकी काही बोलत नव्हतो.

कार्य उरकल्यावर मी लॅपटॉप उघडला. त्या रात्रीच भावानं डोंगल वायरीसकट उपटून ठेवलं होतं; ते लावलं तर पुन्हा सीडीचं चित्र आलं. न गेलेले फोटो आत साठलेले होते. बांधावर तो येऊन बसलेला, अगदी नीट, जणू कुणाची वाट बघत. दोन-तीन फोटोंत तो नुसताच बसलाय. पुढच्या फोटोत डावीकडून आई येते आहे. हातात विळा आणि पाटी, पदर डोक्यावरून घेतलेला, तोंड मिटलेलं. शांत दिसते. मी फोन केला नाही, म्हणजे तो आला नाही, असा विश्वास टाकून ती चालली आहे. त्याच्या पुढचे फोटो मी पाहिले नाहीत. लॅपटॉप मिटला आणि तिच्या अंथरुणावर आडवी होऊन ओरडून ओरडून रडले.

माणसं भेटायला येतच होती. आणि येतील ती एकच बोलत होती. मशीननं सांगितलं होतं, पोरीनं फोनही केला होता, म्हातारीनंच उचलला नाही. जबाबातलं वाक्य गावभर झालं होतं. "फोन उचलायला काय झालं व्हतं हो," बायका हळहळून म्हणायच्या, "म्हातारी माणसं ऐकत न्हाईत." कुणी म्हणालं, हट्टी होतीच ती. जिनं कधी नव्हे ते कुणाचं तरी ऐकलं, माझं ऐकलं, ताट ठेवून दिलं, ती हट्टी ठरली. माझं रक्त उकळायचं. तोंडातून शब्द मात्र निघायचा नाही, कारण तिचा शब्द खोटा पाडायचा तर भावाला चव्हाट्यावर आणावं लागणार होतं, आणि मलाही. भाऊ ओसरीच्या कोपऱ्यात खाली मान घालून बसलेला असायचा. त्याचं खाणं सुटलं होतं.

मी घोडेगावला परत निघायच्या दिवशी पलीकडच्या मळ्यातली एक बाई आली. माझ्याच वयाची. तिच्या घरामागंही ऊस, सासू आंधळी, दोन लहान लेकरं, नवरा गाडीवर ड्रायव्हर, महिना महिना बाहेर. तिनं पिशवीतून एक लॅपटॉप काढला, कुठल्या तरी पाहुण्याचा जुना, आणि माझ्यापुढं ठेवला.

"ताई, आमाला बी बशीवता का तसलं मशीन? रोज सांजच्याला डबा वाजवून वाजवून जीव जातोय. तुमचं आसलं म्हंजे मग काळजी न्हाई. मी फोन लगीच उचलीन, बघा. तुमच्या आईवाणी न्हाई करायची."

मी लॅपटॉपकडे बघितलं. मग तिच्याकडे. ती माझ्यावर विश्वास टाकून बसली होती, आणि तो विश्वास आईच्या खोट्या शब्दावर उभा होता. डबा वाजवणं ती माझ्या भरवशावर सोडून देणार होती.

"फोन आला नव्हता," मी म्हणाले. "मी केलाच नव्हता. मशीन बंद होतं. डोंगल काढून लावल्यावर ते आपोआप सुरू होत नव्हतं, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. डबा वाजवायचं सोडू नका."

ती गोंधळली. "मग म्हातारी तसं का म्हणली?"

सिमचं मी बोलणार नव्हते. तेवढं मी मनाशी ठरवलं होतं.

"माज्यासाठी," कोपऱ्यातून भाऊ म्हणाला. आई गेल्यापासून मी त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. "सिम मी काढलं व्हतं. मोटारीला. आईला ठावं व्हतं."

बाईनं पदर तोंडाशी धरला. मग लॅपटॉप पिशवीत घातला आणि उठून गेली. संध्याकाळच्या आत ते सगळ्या मळ्यांत पोचणार होतं.

हॉस्पिटलपासून मला त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि वाटलं, मरताना आईनं एवढ्या कष्टानं झाकून ठेवलेलं पोर मी चारचौघांत उघडं पाडलं.